रविवारी गाडी बंद

आई गेल्यावर आमच्या घरात दोन माणसं उरली आणि दोघंही वेगवेगळ्या वेळी जेवू लागली. तसं कुणी ठरवलं नव्हतं. अण्णा सकाळचा भोंगा व्हायच्या आत उभ्या-उभ्या चहा-पोळी घेऊन कारखान्यात जात. संध्याकाळी आले की बाहेरच्या खोलीत टेबलावर नकाशे पसरून बसत. ते कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते आणि उरलेलं काम घरी आणण्याची सवय त्यांना आई गेल्यानंतर लागली. मी माझं जेवण उरकून त्यांचं ताट वाढत असे आणि त्यावर दुसरं ताट पालथं घालत असे. अंथरुणावर पडल्यावर ते वरचं ताट उचलल्याचा आवाज यायचा. दिवसभरात माझ्यापर्यंत पोचणारा त्यांचा तेवढाच शब्द, असं म्हटलं तरी चालेल.

अंबरनाथला आम्ही कारखान्याच्या चाळवजा क्वार्टर्समध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे लाकडी पट्ट्यांची पडवी. पलीकडे लेलेबाई. त्यांच्या पाट्यावर वरवंटा फिरू लागला की साडेदहा वाजले असं मी समजत असे. विहिरीचा रहाट, भोंगा आणि तो वरवंटा, एवढ्या आवाजांवर दिवस चालायचा. आईच्या वेळी आणखी एक आवाज असे, रविवारी दुपारी कोळशाच्या इस्त्रीचं झाकण पडल्याचा. अण्णांचे पांढरे शर्ट ती आठवड्यातून एकदाच, रविवारी, एका बैठकीत करत असे. इस्त्री पितळेची होती, भरपूर वजनाची, लाकडी मुठीची. झाकणाची कळ कोंबड्याच्या आकाराची होती आणि त्या कोंबड्याची चोच मोडलेली होती. कांदा-लसूणही चार महिने वर्ज्य असणाऱ्या घरात कोंबडा तेवढा एकच होता.

तेराव्याला आईची वस्त्रं आणि काही भांडी दान दिली गेली. त्यानंतर इस्त्री दिसली नाही. तीही दानात गेली असेल असं मी धरून चालले. पितळी लोट्यात निखारे घालून मी शर्टांवरून फिरवत असे. लोट्याचं बूड गोल. एक सुरकुती मोडली की दुसरी पडायची आणि मध्येच राखेचा ठिपका. पावसाळ्यात कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळत, त्यांना धुराचा वास लागे. अण्णा ते शर्ट घालून जात. काही म्हणत नसत. त्यांनी काही म्हणावं असं मला फार वाटे. रागावले असते तरी चाललं असतं.

वर्षश्राद्धासाठी पेणहून आत्या आली. अण्णांची ही थोरली बहीण. सुतकातही तिनंच घर सांभाळलं होतं. यावेळी तिच्या मनात आणखी एक काम होतं आणि पहिल्याच संध्याकाळी तिनं ते बोलून टाकलं.

"श्राद्ध झालं की सुमनला घेऊन जाते मी. वयात आलेली पोर दिवसभर एकटी. कोण आहे बघायला?"

"तिची शाळा आहे," अण्णा म्हणाले.

"शाळा शाळा काय करतोस? घर तरी धड चाललंय का? हा शर्ट बघ. शर्ट म्हणायचा की चघळून टाकलेलं पान?"

"बघू," अण्णा म्हणाले.

अण्णांच्या 'बघू'चा अर्थ मला तेव्हाही लागत नसे आणि पुढेही कधी लागला नाही. मला पेणला जायचं नव्हतं. तिथे गेले असते तर मॅट्रिक झाले नसते, हे खरं. पण त्या वेळी मला तेही मोठं वाटत नव्हतं. मला हवं होतं ते एवढंच, की अण्णांनी 'ती इथेच राहील' असं कुणाला तरी सांगावं. ते सांगत नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी तो शर्ट हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "आपली इस्त्री कुठे आहे?"

"दानात गेली ना," मी म्हणाले.

आत्या उसळली. "पितळेची इस्त्री दानात? मी दिली असती? एकेक वस्तू माझ्या हातानं काढली होती."

पलीकडच्या पडवीतून लेलेबाईंचा आवाज आला. दोन्ही पडव्यांमध्ये पट्ट्यांचीच भिंत असल्यामुळे त्या आमच्या बोलण्यात कधीही येऊ शकत. "अहो, इस्त्री पापडवालीकडे आहे. ती सिंधीण, ईश्वरी. सोमवारी न्यायची, शनिवारी आणून द्यायची. वहिनींनी मला सांगितलं होतं."

इस्त्री मला रविवारी दिसायची. इतर दिवशी ती कुठे असते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. लागेल तेव्हा समोर आलेली वस्तू घरातच असते असं आपण समजतो.

"एक सिंधीण आली होती खरी," आत्या आठवून म्हणाली. "सुतकात. मी दारातूनच सांगितलं, बाई, सुतक आहे, आमच्याकडे तळण नाही. गेली बिचारी."

"तिच्या हातात काय होतं?"

"टोपली होती. टोपलीत मी कशाला डोकावू?"

ईश्वरीला मी ओळखत होते. दादी ईश्वरी म्हणत तिला सगळे. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. फाळणीनंतर निर्वासितांच्या कँपात आलेल्या बायकांपैकी काहीजणी पापड लाटून अंबरनाथपर्यंत दारोदार विकायला येत, त्यांतली ती. उंच, सलवार-कुडत्यातली, डोक्यावर टोपली. आईला ती वाटीत मिऱ्यांचा पापड चुरून चव घ्यायला देई आणि आई वाटी परत करताना तीत चिमूटभर का होईना साखर, गूळ, शेंगदाणे घालत असे. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. दादीला याची फार गंमत वाटे. "भाभी, मैं पापड बेचने आती हूँ कि शक्कर कमाने?" असं ती विचारी, आणि पुढच्या वेळी मुद्दाम मोठी वाटी आणी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी आले नाही. वालधुनी नदीच्या कडेकडेनं चालत कँपाकडे गेले. आज त्याला उल्हासनगर म्हणतात आणि अंबरनाथ कुठे संपतं ते कळत नाही. तेव्हा मध्ये मोकळं रान होतं आणि मग एकदम लष्करी बरॅकींच्या रांगा लागत. एकेका बरॅकीत किती कुटुंबं, मध्ये पोत्यांचे पडदे. मी दादीचं नाव विचारलं तर एका म्हाताऱ्यानं मला आपादमस्तक पाहून विचारलं, "पापड वाली कि कबाब वाली?" मी पापडवाली म्हटलं. "एक ही है," तो म्हणाला आणि बोट दाखवलं.

बरॅकीच्या टोकाला हातगाडी होती. तिच्यावर जाड लोखंडी पत्रा, खाली शेगडी. पत्र्यामागे दादी, तिच्या बाजूला कांदा चिरत बसलेला तिचा नवरा टहिलराम. आणि पत्र्यावर, धूर सोडत, आमची इस्त्री. चोच मोडलेला कोंबडा मी लांबूनच ओळखला.

या दाबलेल्या कबाबाबद्दल आता पुष्कळ सांगितलं जातं, म्हणून मी पाहिलं तेवढं नोंदवते. खिम्यात निम्म्याहून जास्त भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ. त्याचा लिंबाएवढा गोळा पत्र्यावर टाकायचा, त्यावर कागदासारखा पातळ चिरलेला कांदा मूठभर ठेवायचा आणि वरून आत निखारे फुललेली इस्त्री दाबायची. कांदा गोळ्यात रुतायचा, गोळ्याच्या कडा पसरून जाळीदार, करकरीत व्हायच्या. वरून-खालून एकदम शिजत असल्यामुळे उलटायची गरज नसे. मग इस्त्री उचलून वाफेवर गोल पाव पालथा ठेवायचा. पावाला ते लोक डबल म्हणत. पुदिन्याची चटणी, थोडा अनारदाणा, रद्दीचा कागद. टहिलराम सांगे की सिंधमध्ये, सक्करला त्यांच्या घरी कबाब असा नसे; जाड असे, नुसत्या मटणाचा. इथे मटण परवडत नव्हतं म्हणून डाळ वाढली, डाळीनं कबाब फुटू लागला म्हणून दाबावा लागला, दाबायला जड आणि गरम काहीतरी हवं होतं. "सब मजबूरी का माल है," असं म्हणून तो हसे.

दादीनं मला पाहिलं आणि हातातली इस्त्री खाली ठेवली. मी कोण हे तिला सांगावं लागलं नाही.

"वेहु," ती म्हणाली. बस. एक पाट पुढे केला. "तेरी माँ इसी पर बैठती थी."

मी बसले. मी इस्त्री मागायला आले होते आणि ते वाक्य रस्ताभर पाठ केलं होतं. ते आता तोंडातून बाहेर येईना. दादीनं त्याची वाट पाहिली नाही. तिनं पत्र्याचा एक कोपरा पुसला, वेगळ्या पातेल्यातला गोळा टाकला, दाबला, डबलमध्ये घालून माझ्या हातात दिला.

"यात काय आहे?"

"तेरी माँ भी यही पूछती थी."

"मग?"

"मैं बोलती थी, पहले खा."

मी खाल्लं. ते डाळीचंच असावं. आईनं काय खाल्लं होतं, हे मी पुढेही दादीला विचारलं आणि तिनं दर वेळी तेच उत्तर दिलं. वर्तमानपत्राच्या कचेरीत मी आयुष्य काढलं, दुसऱ्या माणसाकडून खात्री झाल्याशिवाय ओळ जाऊ द्यायची नाही हे तिथे शिकले, आणि या एका बाबतीत मला दुसरा माणूस मिळालेला नाही. पण त्या दिवशीचं मला आठवतं ते वेगळं. माझं खाणं होईपर्यंत दादी समोर उकिडवी बसून माझ्याकडे बघत होती. गिऱ्हाईक थांबलं होतं, टहिलराम हाक मारत होता, तरी उठली नाही. मी जेवताना कुणी समोर बसल्याला वर्ष होत आलं होतं.

"मैं आई थी," ती म्हणाली. "इस्त्री देने. दरवाजे पर एक मौसी थी. बोली, तळण नाही. मैं क्या तळण माँगने आई थी?"

"ती आत्या. तिला माहीत नव्हतं."

"मैंने सोचा, भाभी गई, घर ने मुँह फेर लिया. फिर नहीं आई."

"मग वर्षभर…" मी इस्त्रीकडे पाहिलं.

टहिलरामनं सुरी खाली ठेवली. "पूछ, पूछ इसको! भाभी थी तब इतवार को इस्त्री तुम्हारे घर, तो गाड़ी बंद. ठीक है. अब इस्त्री यहीं पड़ी है, फिर भी इतवार को गाड़ी बंद! सबसे ज़्यादा गिराक इतवार को. ये औरत इस्त्री को कपड़े में बाँध के रख देती है और मेरा मुँह देखती है."

"इतवार को वो इनके घर की है," दादी म्हणाली. नवऱ्याकडे न बघता, बाजारभाव सांगावा तशी.

मी पाठ केलेलं वाक्य अखेर बोलले. इस्त्री हवी आहे म्हणाले; आत्या मला नेणार आहे, शर्ट नीट झाले तर कदाचित नेणार नाही, हेही. टहिलराम पत्र्याकडे बघत राहिला. ती इस्त्री गेली तर त्या गाडीवर कांदा आणि पाव एवढंच उरणार होतं, हे मला दिसत होतं. दादी म्हणाली, "ऐसे नहीं दूँगी, काली है. शनिवार को मैं लाऊँगी. जैसे लाती थी."

शनिवारी ती आली तेव्हा अण्णा नुकतेच कारखान्यातून आले होते आणि आत्या पडवीत वाती वळत होती. दादीनं टोपली उतरवली. इस्त्री चिंच आणि राखेनं इतकी घासली होती की ती आमची वाटत नव्हती. तिनं ती अण्णांसमोर ठेवली आणि कोंबडा फिरवून झाकण उघडलं. जिथे कोळसे असतात तिथे काठोकाठ खडीसाखर भरलेली होती.

आत्याच्या हातातली वात तशीच राहिली. "अगं बाई! इस्त्रीत साखर?"

"खाली नहीं लौटाते ना," दादी म्हणाली. "भाभी ने सिखाया."

"अगं, ते भांड्याचं! वाटी, डबा, पातेलं. इस्त्री काय भांडं आहे?" आत्याला हसू येत होतं आणि ते तिला नको होतं. मग तिनं विचारलं, "आणि तू करतेस काय या इस्त्रीनं आठवडाभर?"

दादीनं सांगितलं. काही लपवलं नाही. डाळ, कांदा, खिमा, सगळं. आत्या पाट सरकवून मागे झाली.

"शिव शिव! मांसावर फिरवलेली इस्त्री! ऐकतोस ना रे? आणि हेच कपडे घालून तू देवाला हात जोडायचास?"

"देवाला मी सोवळं नेसून जातो," अण्णा म्हणाले. "कपडे कारखान्यात जातात."

ते खाली वाकले, खडीसाखरेचा एक खडा उचलला आणि तोंडात टाकला. तो पूर्ण विरघळू दिला. आम्ही तिघी बघत होतो. मला वाटलं आता ते 'बघू' म्हणतील.

"बाई," ते दादीला म्हणाले. अण्णांचं हिंदी कारखान्यातलं होतं, हुकूम देण्याघेण्यापुरतं. "पहले जैसा था, वैसाच चलने दो. सोमवार को ले जाना. शनिवार को तुम मत आना, इतना दूर. सुमन आएगी लेने को."

"हर शनिवार?" दादीनं विचारलं.

"हर शनिवार."

आत्यानं वाती खाली ठेवल्या. "अरे, पण सुमन तर माझ्याबरोबर…"

"शनिवारी कोण जाणार मग?" अण्णा म्हणाले आणि आत जाऊन हातपाय धुऊ लागले.

मला राहू दिल्याचं माझ्या घरात एवढंच बोलणं झालं, आणि ते माझ्याशी झालं नाही. आत्या श्राद्ध उरकून एकटी पेणला गेली. जाताना तिनं खडीसाखरेची पुडी बरोबर घेतली. साखरेला काही विटाळ नसतो म्हणाली.

मी सध्या बदलापूरला कात्रपमध्ये राहते. खाली एक दुकान आहे, तिथे चपटा, कांदा रुतवलेला, जाळीदार कडांचा बर्गर मिळतो. माझा नातू तो आणतो आणि मी कडा तोडून खाते. पाटीवर 'मूळचे आम्हीच' असं लिहिलेलं आहे. अंबरनाथला तशीच पाटी आहे, उल्हासनगरातही आहेत. मी या बाबतीत कुणाला खोटं ठरवणार नाही. दाबायला जड वस्तू आणखी कुणालाही सुचली असेल. मात्र मध्यंतरी उल्हासनगरात एक जुनी गाडी पाहिली. मालक तरुण होता, हातात लोखंडी ठोकळा. बोर्डावर 'रविवार बंद' होतं. खाण्याचा धंदा आणि रविवारी बंद, असं का, मी विचारलं. "मालूम नहीं आंटी," तो म्हणाला, "ज्यांच्याकडून आजोबा शिकले ना, ते बंद ठेवायचे. काहीतरी देवाचं असणार."

मी त्याला काही सांगितलं नाही. देवाचं नव्हतं, अण्णांच्या शर्टांचं होतं. पण हे सांगायला फार वेळ लागला असता आणि त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं.

त्यानंतर आम्ही बापलेक एकत्र जेवू लागलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. ताटावर ताट पालथंच राहिलं. शनिवारी मी कँपात जायची, पाटावर बसून खायची, इस्त्री घेऊन यायची. रविवारी शर्ट करायची. सोमवारी दादी पापड घेऊन येई, तेव्हा कोळशांच्या जागी मी काहीतरी घालून ठेवलेलं असे. शेंगदाणे, गूळ, कधी नुसते तांदूळ. दादी कितीही घासून देत असली तरी निखारे पडले की पितळातून कांद्याचा वास सुटायचा आणि शर्टांत जायचा; आईच्या वेळीही जात असणार. पुढच्या चातुर्मासात आमच्या घरात नेहमीप्रमाणे कांदा आला नाही. अण्णा सोमवारी सकाळी पडवीत उभे राहून शर्टाची बटणं लावत, मग कॉलर किंचित वर करून वास घेत, आणि भोंगा व्हायच्या आत निघून जात.